रोजच्या जेवणात पालट : वऱ्हाडातील सोपे व स्वस्त पदार्थ

“आज भाजी कायची करावी?” हा प्रश्न अमरावती व अकोला जिल्ह्यांतील घराघरांतून रोज सकाळी विचारला जातो, आणि बहुतेक घरांतून त्याचे उत्तरही रोज तेच मिळते. आलू, वांगे, नाही तर बेसन. सोबतीस गव्हाची पोळी, भात व पातळ वरण. हे अन्न वाईट आहे असे नाही. परंतु तेच ताट महिनोन् महिने पुढे आले म्हणजे मुले अर्धपोटी उठतात, पुरुषमंडळी चौकातील कचोरी-समोशाकडे वळतात, आणि रांधणारी स्त्री स्वतः चटणीशी पोळी खाऊन कापूस वेचावयास जाते. मग हा प्रश्न केवळ जिभेचा राहत नाही. तो खिशाचा आणि प्रकृतीचाही होतो.

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळून आली. रक्त कमी असलेली स्त्री वेचणीत लवकर थकते आणि तिची बाळंतपणे अवघड जातात. या स्थितीला कारणे अनेक आहेत. परंतु रोजच्या ताटात पालेभाजी, डाळ व आंबट फळ यांची उणीव असणे हे त्यांपैकी एक ठळक कारण होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतील पहिलेच सूत्र निरनिराळ्या प्रकारचे अन्न खावे हे आहे.

निरनिराळे अन्न म्हटले की बाजारातून महाग जिन्नस आणावे लागतील, असा समज होतो. वऱ्हाडापुरते पाहिले तर हा समज खरा नाही. जेवणात पालट करण्यास येथे पैशापेक्षा अधिक गरज आहे ती घरच्या धान्याची रूपे बदलण्याची आणि वावरात खाण्यापुरती पिके ठेवण्याची.

तोचतोपणा कोठून आला?

चुलीवरील तोचतोपणा हा प्रथम वावरात आला, हे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी या भागातील वावरात कपाशीबरोबर तुरीची तासे असत. मूग, उडीद, बरबटी असे. खरिपाची ज्वारी जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याकडे असे. धुऱ्यावर अंबाडी, तीळ व भेंडी लावलेली असे. १९६४ साली सी.एस.एच. १ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण निघाले, तेव्हा ज्वारी हेच या भागातील घरचे अन्न होते आणि तिचा कडबा हाच बैलांचा चारा होता.

१९९० नंतर सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला. सोयाबीनला रोख पैसा मिळतो आणि ते लवकर निघून रबीसाठी जमीन मोकळी होते, हे खरे. ज्वारीला पाखरांचा, रानडुकरांचा व रोह्यांचा उपद्रव होतो आणि कापणीच्या वेळी पाऊस आल्यास कणीस काळे पडते, हेही खरे. म्हणून शेतकऱ्याने ज्वारी सोडली, यात त्याचा दोष नाही. परंतु ज्वारी गेली तशी भाकर गेली, कण्या गेल्या, आंबील गेली. शिधापत्रिकेवर गहू व तांदूळ मिळू लागले आणि पोळी-भात हे रोजचे जेवण झाले.

अंबाडीची गोष्ट अशीच आहे. बैलांच्या दोरांसाठी तिचा वाख लागे, म्हणून ती लावली जाई आणि तिची कोवळी पाने आपोआप चुलीपर्यंत येत. दोर नायलॉनचे झाले, बैल कमी झाले, आणि धुऱ्यावरची अंबाडी दिसेनाशी झाली.

तिसरी गोष्ट निंदणाची. निंदावयास गेलेल्या स्त्रिया परतताना ओट्यात तरोटा, कुंजर, चिवळ, केना अशा भाज्या आणीत. या भाज्यांस एक पैसाही पडत नसे. आता निंदणाऐवजी तणनाशकाची फवारणी होते. वेळ व मजुरी वाचते, परंतु ओट्यात येणारी भाजीही नाहीशी होते. आणि फवारलेल्या वावरातील भाजी तर खाऊच नये.

अशा रीतीने ताटातील एकेक जिन्नस कमी होत गेला. त्याची उणीव गृहिणीच्या हातात नाही, ती पीकपद्धतीत आहे. म्हणून ‘घरात तेच तेच करतात’ असा ठपका तिच्यावर ठेवण्यापूर्वी घरधन्याने आपल्या वावरात खाण्याचे काय पेरले आहे, ते आठवून पाहावे.

चार गोष्टींचा पालट

रोज नवा पदार्थ शोधण्याचे कारण नाही. प्रत्येक जेवणात चार भाग असतात : धान्य, डाळ, भाजी आणि आंबट. यांपैकी रोज एक जरी भाग बदलला, तरी जेवण निराळे होते. आठवड्यात चारही भाग फिरते ठेवले, तर तेच ताट आठ दिवस पुन्हा येत नाही.

धान्य : ज्वारीची केवळ भाकरच होते असे नाही. तिच्या कण्या होतात, उकडपेंडी होते, धिरडे होते, आंबील होते, थालीपीठ होते. गव्हाचेही तसेच, पोळीऐवजी वरणफळ किंवा रोडगे करता येतात.

डाळ : तुरीच्या डाळीचे वरण एक दिवस, सगळ्या मुगाची उसळ दुसऱ्या दिवशी, बरबटी तिसऱ्या दिवशी, हरभरा चौथ्या दिवशी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तर तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम. शिवाय धान्यातील प्रथिनांत जो अंश कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. आणि डाळीत जो कमी, तो धान्यात असतो. म्हणून ही दोन एकत्र खाल्ल्याने दोहोंचा उपयोग वाढतो. तीन-चार भाग धान्यास एक भाग डाळ हे प्रमाण ठेवावे.

भाजी : आठवड्यातून निदान चार दिवस हिरवी पालेभाजी असावी. हंगामात जी निघेल ती स्वस्त असते आणि ताजीही असते.

आंबट : अंबाडी, चुका, चिंच, कैरी, लिंबू, ताक यांनी चव पालटते. यांपैकी लिंबू, कैरी, आवळा, संत्रे यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजी व डाळीतील लोह शरीरात अधिक मुरते. वरूड व मोर्शी भागात संत्र्याच्या हंगामात बारीक फळाला भाव मिळत नाही. ते फळ घरी जेवणाबरोबर खाल्ले तर त्याचे चीज होते. उलट, जेवणाला लागून घेतलेला चहा लोह मुरू देत नाही. म्हणून जेवण व चहा यांत निदान एक तासाचे अंतर असावे.

करून पाहण्याजोगे सहा पदार्थ

पुढील प्रमाणे पाच माणसांसाठी आहेत. वाटी म्हणजे डाळ भरल्यास सुमारे दीडशे ग्रॅम बसेल अशी मध्यम वाटी समजावी.

१. अंबाडीची भाजी. अंबाडीच्या पानांच्या दोन जुड्या, तुरीची डाळ एक वाटी, ज्वारीच्या कण्या अर्धी वाटी, शेंगदाणे एक मूठ. पाने धुऊन उकडावीत. पाने जून व फार आंबट असल्यास पहिले पाणी काढून टाकावे. कोवळी असल्यास काढू नये. डाळ, कण्या व शेंगदाणे पाच वाट्या पाण्यात मऊ शिजवून त्यात पाने घोटावीत. मीठ, हळद, तिखट व चवीपुरता गूळ घालून एक उकळी आणावी. लसणाच्या दहाबारा पाकळ्या व सुक्या मिरच्या यांची फोडणी वरून द्यावी. या एकाच भाजीत धान्य, डाळ, पाला व आंबट हे चारही भाग येतात. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू वा ठेवू नये. लोखंडी कढईत शिजवल्यास अन्नातील लोह वाढते. मात्र शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.

२. कण्यांची खिचडी. ज्वारीच्या कण्या दोन वाट्या, मुगाची डाळ एक वाटी. कण्या तासभर भिजत ठेवाव्यात. कांदा, जिरे, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर कण्या व डाळ परतून आठ-नऊ वाट्या गरम पाणी घालावे आणि मंद जाळावर झाकून शिजवावे. हंगामातील कोणतीही भाजी चिरून त्यात टाकता येते. सोबत ताक पुरे. म्हाताऱ्या माणसांस व लहान मुलांस ही खिचडी मऊ करून द्यावी.

३. उकडपेंडी. ज्वारीचे किंवा गव्हाचे जाडसर पीठ तीन वाट्या, कांदे दोन, आंबट ताक एक वाटी. तेलात मोहरी, जिरे, मिरची, कढीपत्ता व कांदा परतून त्यात पीठ घालावे व खमंग वास येईपर्यंत मंद जाळावर भाजावे. ताक व दोन ते अडीच वाट्या गरम पाणी थोडेथोडे शिंपडून हलवावे आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावी. वरून सांभार घालावा. अर्ध्या तासात होणारी ही न्याहारी आहे. भाजी नसलेल्या दिवशी जेवणासही चालते. मूठभर शेंगदाणे किंवा भिजवलेली मुगाची डाळ घातल्यास ती अधिक पौष्टिक होते.

४. फुनके व कढी. तुरीची डाळ दोन वाट्या व मुगाची डाळ अर्धी वाटी चार तास भिजवून, पाणी निथळून जाडसर वाटावी. त्यात लसूण, मिरची, जिरे, मीठ व बारीक चिरलेली मेथी किंवा सांभार मिसळून मुठीएवढे गोळे करावेत आणि वीस मिनिटे वाफवावेत. चार वाट्या ताकाला दोन चमचे बेसन लावून कढी करावी. तळणाचे तेल लागत नाही. उरलेले फुनके कुस्करून दुसऱ्या वेळी कांद्यावर परतले म्हणजे निराळी भाजी होते.

५. वरणफळ. तुरीची डाळ दीड वाटी शिजवून, घोटून पातळ वरण करावे. त्यात चिंच, गूळ, तिखट व मूठभर मेथी घालावी. गव्हाच्या तीन वाट्या पिठाची कणीक मळून पोळी लाटावी, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत व उकळत्या वरणात सोडावेत. दहा-बारा मिनिटांत ती शिजतात. वेचणीवरून थकून आल्यावर पोळ्या, भाजी व वरण असे तीन स्वयंपाक करण्याऐवजी एकाच गंजात पूर्ण जेवण होते.

६. मुगाचे धिरडे. सगळा मूग एक वाटी रात्रभर भिजवून मिरची-लसणासह वाटावा. त्यात ज्वारीचे पीठ दोन वाट्या व पाणी मिसळून सैल भिजवावे आणि तव्यावर थोड्या तेलात धिरडी घालावीत. जवसाची किंवा तिळाची चटणी सोबत द्यावी. जवस हे या भागातील जुने पीक आहे. त्याची भाजून कुटलेली चटणी पंधरा दिवस टिकते आणि मुलांच्या डब्यालाही उपयोगी पडते.

याशिवाय पौषाच्या सुमारास तुरीच्या हिरव्या शेंगा निघाल्या की सोल्यांची आमटी व सोलेभात, थंडीत हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, उन्हाळ्यात वाळवलेला हरभऱ्याचा पाला व मुगवड्या, असा हंगामानुसार क्रम ठेवता येतो. हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून कोरड्या डब्यात भरला, तर वैशाखात भाजी महागते तेव्हा तो हाताशी असतो. अंडे खाणाऱ्या कुटुंबांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस अंड्याचा समावेश करावा.

वेचणीच्या दिवसांतील एक आठवडा

कार्तिक ते पौष हे दिवस स्त्रियांच्या अतिशय कष्टाचे असतात. या काळात स्वयंपाकाचा वेळ वाढणार नाही, अशा बेताने एक आठवडा पुढीलप्रमाणे आखता येईल.

सोमवार : सकाळी भाकर, मुगाची उसळ; रात्री कण्यांची खिचडी, ताक.
मंगळवार : सकाळी पोळी, मेथीची भाजी, रात्री वरणफळ.
बुधवार : सकाळी मुगाचे धिरडे, जवसाची चटणी, रात्री भाकर, पालकाची डाळभाजी.
गुरुवार : सकाळी भाकर, वांग्याचे भरीत, रात्री सोलेभात, कढी.
शुक्रवार : सकाळी उकडपेंडी, लिंबू, रात्री भाकर, अंबाडीची भाजी.
शनिवार : सकाळी पोळी, बरबटीची उसळ, रात्री भाकर, हरभऱ्याची पालेभाजी.
रविवार : सकाळी थालीपीठ, ताक, रात्री फुनके, कढी, भाकर.

हा आठवडा जसाच्या तसा पाळावा असे नाही. ज्या घरी मूग नाही त्यांनी हरभरा घ्यावा. ज्यांच्याकडे अंबाडी नाही त्यांनी चुका घ्यावा. सकाळी भिजवण घालून ठेवणे व रात्री उसळीसाठी कडधान्य भिजत टाकणे, एवढी दोन कामे घरातील कोणीही करू शकतो. ती रांधणाऱ्या स्त्रीवरच राहू देऊ नयेत.

वावरात व परसात काय असावे?

कपाशीच्या सहा ते आठ ओळींनंतर तुरीच्या एक-दोन ओळी ठेवण्याची जुनी पद्धत सोडू नये. कापूस गेला तरी तूर राहते, आणि घरची डाळ बाजारभावाची चिंता करावयास लावीत नाही. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली. या विद्यापीठाने तुरीचा पीकेव्ही तारा व मुगाचा पीकेव्ही ग्रीन गोल्ड यांसारखे वाण दिले आहेत. बियाण्याविषयी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

खाण्यापुरती ज्वारी दहा-वीस गुंठ्यांत पेरण्यास हरकत नाही. एकट्यानेच पेरल्यास पाखरांचा सर्व भार त्याच्यावर येतो. म्हणून लगतच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकमेकांस लागून ज्वारी घ्यावी व राखणीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. कडबा मिळतो हा वेगळा लाभ. धुऱ्यावर अंबाडी, तीळ व भेंडी यांच्या ओळी टाकण्यास जमीन अडत नाही.

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या खारपाणपट्ट्यातील गावांची अडचण निराळी आहे. तेथील विहिरीचे पाणी परसबागेस चालत नाही. परंतु तेथे मूग निघाल्यावर जमिनीतील ओलीवर हरभरा घेण्याची चांगली परंपरा आहे. घरापुरता मूग व हरभरा विकण्यापूर्वीच वेगळा काढून ठेवावा. पालक ही भाजी इतर कित्येक भाज्यांपेक्षा खारटपणा अधिक सोसते, म्हणून परसात तीच प्रथम लावून पाहावी. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि जळण अधिक लागते. त्यासाठी डाळ तास-दोन तास आधी भिजत घालावी, आणि शक्य असेल तेथे शिजवण्यास नळयोजनेचे किंवा साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी वापरावे.

गोड पाणी असलेल्या गावांत एक गुंठ्याची, किंबहुना अर्ध्या गुंठ्याचीही परसबाग पुरेशी होते. शेवगा, कढीपत्ता, लिंबू व पपई यांचे एकेक झाड. कुंपणावर दोडका व वाल. आणि पालक, मेथी, चुका, सांभार यांचे लहान वाफे. सर्व वाफे एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे भाजी एकदम निघून वाया जात नाही. शेवग्याच्या शेंगा आपण खातो, पण पाला टाकून देतो. वस्तुतः पाल्यात चुना व ‘अ’ जीवनसत्त्व देणारे घटक भरपूर असतात. कोवळा पाला मुगाच्या डाळीत शिजवून पाहावा.

सोयाबीन घरातच पिकते, तेव्हा त्याचाही थोडा उपयोग व्हावा. मात्र कच्चे सोयाबीन कधीही दळू नये. त्यातील काही घटक पचनास अडथळा करतात. ते उष्णतेने नाहीसे होतात. स्वच्छ सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून, पाणी काढून, उन्हात कडक वाळवावे आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात मिसळून दळावे. अधिक घातल्यास पोळीस उग्र वास येतो.

काही दक्षता

तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या वावरातील व त्याच्या धुऱ्यावरील रानभाजी खुडू नये. ज्या पट्ट्यात फवारणी होत नाही असा एखादा कोपरा रानभाज्यांसाठी राखून ठेवावा. पुरती ओळख नसलेली पालेभाजी जाणत्या स्त्रीला दाखवल्यावाचून शिजवू नये. औषध लावलेले उरलेले बियाणे धुऊनही खाण्यास वापरू नये, आणि औषधांचे डबे धान्य, तेल वा पाणी ठेवण्यास घेऊ नयेत. पावसाळी दमट हवेत शिळी भाकर व भिजवलेले पीठ लवकर बिघडते; वास वा तार आलेले अन्न फेकून द्यावे. आहारातील पालट हा औषधाला पर्याय नव्हे. ज्या स्त्रियांस धाप लागते, चक्कर येते, त्यांनी आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे व दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात.

आणखी एक दक्षता घरातील रीतीविषयी आहे. घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवते आणि भाजी संपली असेल तर तशीच उठते. चांगला पदार्थ केला, पण तो तिच्या वाट्यास आला नाही, तर वर सांगितलेल्या साऱ्या गोष्टी व्यर्थ आहेत. सर्वांनी एकत्र जेवावयास बसावे, किंवा निदान तिची वाटी प्रथम काढून ठेवावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून गावपातळीवरील कार्यकर्ता हा शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत आला आहे. परंतु पिकांची चर्चा पारावर पुरुषांशी आणि आहाराची चर्चा अंगणवाडीत स्त्रियांशी, अशी वाटणी सामान्यतः होते. ती मोडली पाहिजे. खरिपाच्या नियोजनाच्या बैठकीस घरातील स्त्रीलाही बोलवावे आणि ‘घरात वर्षाला किती डाळ लागते, किती विकत आणावी लागते?’ हा प्रश्न तिला विचारावा. उत्तर ऐकल्यावर तुरीची तासे किती ठेवावीत, याचा निर्णय घरधनी स्वतःच घेतो.

आहारावर व्याख्यान देण्यापेक्षा प्रात्यक्षिक बरे. वऱ्हाडात भुलाबाईच्या दिवसांत मुली झाकलेली खिरापत ओळखावयास लावतात. रोज निराळ्या घरची निराळी खिरापत असते. हीच रीत महिला बचत गटाच्या बैठकीस लावता येईल. प्रत्येकीने घरच्याच धान्याचा एक पदार्थ झाकून आणावा, इतरांनी तो ओळखावा, आणि करणारीने कृती सांगावी. गावात कोणत्या म्हातारीला कोणता जुना पदार्थ येतो, हे अशा बैठकीतूनच कळते. मेळघाटात काम करणाऱ्यांनी तर शिकवण्यापूर्वी शिकावे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबांस कोदो-कुटकी व रानभाज्या यांची जी माहिती आहे, ती मैदानी भागातील लोकांस नाही.

पुष्कळ ठिकाणी अडचण पैशाची नसून लाजेची असते. पाहुण्यापुढे कण्या किंवा अंबाडी ठेवावयास कमीपणा वाटतो. परंतु शेगावच्या गजानन महाराजांच्या नैवेद्यात ज्वारीची भाकर, पिठले व अंबाडीची भाजी यांना मान आहे, आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी कर्ज काढून पंगती घालू नका, असेच आयुष्यभर सांगितले. जे अन्न नैवेद्यास चालते, ते पाहुण्यास चालण्यास काही हरकत नसावी. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचे व २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. या भागातील आजीच्या स्वयंपाकात ही दोन्ही कधीच वेगळी नव्हती.

प्रत्येक कुटुंबाने येत्या हंगामापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : वावरात तुरीची तासे, धुऱ्यावर अंबाडीची ओळ आणि परसात पालेभाजीचा एक वाफा. एवढे झाले तर ‘आज भाजी कायची करावी?’ या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे मिळतील, आणि ती सर्व घरचीच असतील.